तेरा मेचे आभार

बेलो होरिझोन्ते
६ मार्च १९८८

एफिजेनिया आत्या,

आशीर्वाद दे.

पेरूच्या वड्या मिळाल्या, आणि चक्क अख्ख्या मिळाल्या. बसच्या ड्रायव्हरने या खेपेला एकाही वडीला हात लावला नाही. आजारीबिजारी आहे की काय तो? वह्या तपासताना एकेक तोंडात टाकते आणि तुझी आठवण काढते.

आता मुद्द्याचं. यंदा ब्राझीलमधली गुलामी संपल्याला शंभर वर्षं होतायत, हे मी तुला काय सांगणार! इथे दुकानांच्या काचांवर, टीव्हीवर, जिथे बघावं तिथे त्या कायद्यावर सही करणारी राजकन्या. आमच्या शाळेतही तेरा मेला मोठा कार्यक्रम आहे आणि मुख्याध्यापिकाबाईंनी, दोना ओतिलियांनी, तो माझ्या गळ्यात मारलाय. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, "हे निल्झेतेलाच द्या, तिच्या घरचाच विषय आहे." सगळे हसले. मीही हसले. मग माझ्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणतात कशा, "तशी तू काही काळी नाहीस हं. सावळी आहेस, गोड सावळी." जणू मला बक्षीसच देत होत्या.

कार्यक्रम तोच, दरवर्षीचा. एक गोरी मुलगी राजकन्या होते आणि सोनेरी कागदाच्या लेखणीने सही करते. पहिल्या रांगेत काळी मुलं कागदाच्या साखळ्या घालून गुडघ्यांवर बसतात, साखळ्या फाडतात, हात वर करतात आणि राजकन्येचे आभार मानणारी कविता म्हणतात. दुसरीत असताना बारेइरिन्योच्या शाळेत मीही बसले होते, आठवतं? मोजे गुडघ्यावर फाटले म्हणून तू बाबांवर केवढी ओरडली होतीस!

या वर्षी पहिल्या रांगेच्या मधोमध लिंडाउराला बसवायचं ठरलंय. सातवीतली मुलगी. आई लोकांच्या घरी इस्त्री करते. दोना ओतिलिया म्हणतात, "ती सगळ्यात काळी आहे, लांबून उठून दिसेल." या मुलीला शब्दांचं वेड आहे, आत्या. कविता तिलाच लिहायला सांगितली होती. तिने ही आणली:

आमच्या पुस्तकात माझं दीड पान आहे.
अर्ध्या पानात मी जहाजातून उतरते,
अर्ध्या पानात फटके खाते,
उरलेल्या अर्ध्या पानात राजकन्या सही करते
आणि मी गुडघ्यांवर बसून हसते.
बाई, घाईने पान उलटू नका.
याच्या आधीच्या पानावर मी कुठे होते?
आणि नंतरच्या पानावर कुठे गेले?

वर्गात वाचली तर एक मुलगा म्हणाला, "कोळशाच्या पोत्यात होतीस." मी त्याला बाहेर उभं केलं. पण लिंडाउरा त्याच्याकडे बघतच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. "बाई, तुम्हीच सांगा ना, कुठे होते मी?" मी इतिहासाचं पुस्तक काढलं. पुस्तकात खरंच दीडच पान आहे, मी मोजून घेतलं.

ती म्हणते, मी गुडघे टेकणार नाही आणि म्हणेन तर माझीच कविता म्हणेन. मी तिच्या बाजूने आहे. फक्त एवढंच, की माझी नोकरी तात्पुरती आहे. जूननंतर ती चालू राहायची की नाही, हे दोना ओतिलियांच्या सहीवर आहे.

म्हणून तुला लिहितेय. तोमाझिया पणजीचं जे जे आठवतं ते सगळं लिहून पाठव. आणि त्या राजकन्येचं खरं काय तेही लिही. चांगली जिरवू तिची.

तुझी,
निल्झेते


बारेइरिन्यो
२० मार्च

निल्झे पोरी,

देव तुझं भलं करो.

ड्रायव्हर आजारी नाही, ठणठणीत आहे. या वेळी त्याला वड्यांची वेगळी पुडी बांधून दिली होती, म्हणून तुझ्या पोचल्या. शिकलीसवरलीस, पण एवढं तुझ्या ध्यानात यायला हवं होतं.

माझी अक्षरं मोठी मोठी आली आहेत. चष्म्याची एक काच गेलीय. हसू नकोस.

राजकन्येची जिरवायला मी काही तुला मदत करणार नाही. तेरा मेला रोझरी मातेच्या देवळातून आमचा मेळा ढोल वाजवत निघणार, आणि राजकन्येच्या नावाचं फूल मी स्वतः वाहणार, डोक्यावर मुकुट घालून. मी या मेळ्याची राणी आहे. माझ्या आधी माझी मावशी होती, तिच्या आधी तिची सासू. त्या फुलात कधी खंड पडला नाही, आणि तू शहरात चार पुस्तकं वाचलीस म्हणून मी तो पाडणार नाही.

तोमाझिया पणजीची गोष्ट म्हणशील, तर ती पत्रात मावत नाही. ये आणि ऐक. तुझ्या बापाच्या वर्षाच्या प्रार्थनेला आली नाहीस, ऑक्टोबरात रोझरीच्या सणाला आली नाहीस. आता गोष्ट हवी, तीसुद्धा पाकिटातून!

त्या पोरीची कविता मात्र मी देवळातल्या बायकांना वाचून दाखवली. झुल्मिरा म्हणाली, "पोरगी फार विचारते बाई." मी म्हटलं, विचारणारच, तिला कोणी काही सांगितलेलंच नाही. झुल्मिराने डोळे पुसले आणि पावाचं पीठ मळायला लागली.

मुकुटाला लावायला निळी सॅटिनची रिबीन हवीय. इथल्या दुकानात मिळते ती धुतली की पांढरी पडते. बोटभर रुंद पाठव.

गुडघा दुखतोय. जेवत जा नीट.

आत्या


बेलो होरिझोन्ते
१० एप्रिल

आत्या,

रिबीन सोबत आहे.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तू राजकन्येला फूल वाहणार आणि इथे त्याच राजकन्येपुढे माझी लिंडाउरा गुडघे टेकणार. चांगली जोडी जमली म्हणायची!

दोना ओतिलियांनी तिची कविता लाल पेन्सिलीने आडवी कापली. खाली लिहिलं, "कृतघ्न." मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "यात आभार कुठे आहेत? शंभर वर्षं झाली, आभार मानायला काय जातं तुमचं?" तुमचं, आत्या. तेव्हा मी सावळी नव्हते. म्हणाल्या, आभाराची कविता आण, नाहीतर कविता नकोच, मुलांनी नुसतं गुडघ्यांवर बसायचं. कार्यक्रम बिघडला तर जूनमध्ये माझ्याकडे येऊ नकोस.

लिंडाउरा तेव्हापासून शाळेत आलेली नाही. काल तिची आई आली, कामावरून तशीच, एप्रनला इस्त्रीचा वास. म्हणाली, "बाई, तिला सांगा, बस म्हणावं. एका मिनिटाचं काम आहे. मी जन्मभर वाकून इस्त्री करते, मला काय झालं?" तिला काय झालंय ते मला दिसत होतं, पण तिच्या तोंडावर कसं सांगू? मी "बरं" म्हटलं.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे. तिला सांगणार, कविता बदल, गुडघे टेक, शाळा सोडू नकोस. घरभाडं मलाही चुकत नाही.

तू तरी माझ्या बाजूने असशील असं वाटलं होतं.

निल्झेते


बारेइरिन्यो
१४ एप्रिल

निल्झे,

हे टपालात टाकत नाही, ड्रायव्हरच्या हातात देते. तू त्या पोरीच्या घरी जायच्या आत तुला मिळालं पाहिजे. त्याला वड्या दिल्यात आणि धमकीही.

तू या खेपेला आशीर्वाद मागितला नाहीस. मी न मागता देते. घे.

फुलाचं मी अर्धंच लिहिलं, आणि तू त्या अर्ध्यावर पेटलीस. चूक माझीही असेल, मला वाटलं तुला ठाऊक आहे. पण तू लहानपणीच शहरात गेलीस. देवळापुढचा नाच तेवढा तू बघितलास. फुलं देवळामागे वाहतात, जुन्या कबरींच्या भिंतीपाशी, पहाटे. तेव्हा तुम्ही पोरं गोधड्यांत असायचात.

तर ऐक. माझ्या हातात टोपली असते. मी एक नाव घेते आणि फूल ठेवते, सगळा मेळा जयजयकार करतो, "विवा!" आणि ढोलावर एक थाप पडते. पहिलं फूल समुद्रात गेलेल्यांचं, त्यांची नावं कोणाला ठाऊक नाहीत म्हणून त्यांचं पहिलं. मग डोंगरात पळून गेलेल्यांचं. मग जे पळाले नाहीत, पण पळणाऱ्यांसाठी कुंपणाशी अन्न झाकून ठेवायचे, त्यांचं. मग ज्या बायका म्हाताऱ्या आईला टाकून जाता येईना म्हणून मागे राहिल्या, त्यांचं. दिवसभर मालकाचं काम करून ज्यांनी रोझरी मातेच्या देवळाला दगड वाहिले, त्यांचं. मग आपली माणसं, तोमाझियापासून तुझ्या बापापर्यंत. उजाडेपर्यंत हे चालतं. आणि टोपलीच्या तळाशी एक फूल उरतं, थोडं दबलेलं. ते राजकन्येचं. तिलाही "विवा" म्हणतो आम्ही. का म्हणू नये? सही केली तिने. कोणी सही केली तर आभार मानायचे, आपल्याला काही वाईट शिकवलेलं नाही.

तुझ्या शाळेने काय केलं सांगू? आमच्या टोपलीतलं तळाचं फूल उचललं आणि टोपली फेकून दिली. एवढंच झालंय. राजकन्येवर कशाला चिडतेस, ती बिचारी कधीच मेली. टोपली शोध.

आता तोमाझिया. पत्रात मावत नाही म्हटलं होतं, पण कोंबते. ती कॉफीच्या मळ्यावर होती. सहीच्या वर्षी, मार्चातला पाऊस संपायच्या आधीच ती पोरं घेऊन निघून आली. ती एकटीच नव्हती गं, मळ्यावरची माणसं रोज थोडी थोडी निघून जात होती, आणि अडवणारे दमले होते. इथे ओढ्याकाठी तिने झोपडी बांधली, मका लावला. मेमध्ये पाद्री घोड्यावरून ओरडत आला, "तोमाझिया, राजकन्येने सही केली! तू मोकळी झालीस!" ती भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "बरं झालं. म्हणजे आता त्यांनाही कळलं."

आणि भांडी घासत राहिली.

पोरीला सांग, तुझ्या कवितेत चूक नाही. तिने विचारलं ते बरोबरच विचारलं. आता पुढचं पान लिही म्हणावं. त्यात आभार भरपूर असू देत, दोना ओतिलियांना हवेत तेवढे.

सोबत डब्यात मुकुट आहे. मेळ्यातल्या छोट्या मुलीचा, बाळराणीचा, पत्र्याचा. मणी मी पुन्हा ओवलेत, रिबीन तुझीच. आमच्याकडे नियम आहे, तो तिला नीट समजाव: मुकुट डोक्यावर असला की गुडघा जमिनीला लागत नाही. मुकुट आपला नसतो, तो आधीच्यांचा असतो, आणि त्यांचं गुडघे टेकून झालंय. ज्यांचा मान करायचा त्यांना पाठ दाखवायची नाही. निघताना त्यांच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालायचं. आणि हा मुकुट पार्सलने परत घेत नाही. ज्या डोक्यावर गेला त्या डोक्यावरून परत यायचा.

मोज्यांचं विचारलंस. मोजे निमित्त होते, बाळ. तुला गुडघ्यांवर बघितलं ते मला सहन झालं नाही. तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून मोज्यांवर ओरडले.

मी कायम तुझ्याच बाजूने आहे, वेडे.

आत्या


बेलो होरिझोन्ते
१५ मे

माझ्या राणी आत्या,

आशीर्वाद दे, आशीर्वाद दे, आशीर्वाद दे! मागच्या खेपेचाही धर.

झालं! परवा झालं. अजून माझे पाय जमिनीवर नाहीत. क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील शिकलीसवरलीस आणि गोष्ट सांगता येत नाही.

तुझं पत्र मी लिंडाउराच्या घरी, इस्त्रीच्या टेबलावर ठेवून मोठ्याने वाचलं. तोमाझियाच्या भांड्यांपाशी आले तेव्हा तिच्या आईच्या हातातली इस्त्री थांबली. नशीब, गिऱ्हाइकाचा शर्ट वाचला. लिंडाउरा मुकुट मांडीवर घेऊन बसली. दोन दिवसांनी शाळेत आली ती कविता घेऊनच.

मी ती दोना ओतिलियांकडे नेली. त्यांना मंत्र्याच्या माणसाचा फोन येणार होता, घाईत होत्या. त्यांनी वरची ओळ वाचली, आभार. खालची ओळ वाचली, राजकन्येचे आभार. "बघ, शिकवलं की जमतं," म्हणाल्या आणि कोपऱ्यात सही ठोकली. मधल्या ओळींकडे त्यांचं लक्ष जायच्या आत मी कागद उचलून बाहेर पडले.

शुक्रवारी हॉल भरलेला. पुढच्या खुर्च्यांवर सुटाबुटातले, मागे भिंतीला टेकून आया, बऱ्याच कामावरून आलेल्या. राजकन्या झालेली क्रिस्तियाने पुठ्ठ्याच्या सिंहासनावर. सही झाली. साखळ्या फाटल्या. मुलं गुडघ्यांवर बसली. लिंडाउरा उभी.

दोना ओतिलिया पहिल्या रांगेतून "खाली, खाली" असा हात करत होत्या. लिंडाउराने डोक्याचं पांढरं फडकं सोडलं, आणि आत तुझा मुकुट! हॉलमध्ये कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मग ती सुरू झाली. मी तुला सगळी लिहिते, कारण यातलं अर्धं तुझंच आहे:

ज्यांची नावं फक्त समुद्राला माहीत, त्यांचे आभार.
पळताना ज्यांनी आधी पोरं उचलली, त्यांचे आभार.
ज्यांनी कुंपणापाशी मक्याची भाकरी झाकून ठेवली
आणि कोणाला सांगितलं नाही, त्यांचे आभार.
ज्या थांबल्या, कारण आईला चालवत नव्हतं, त्यांचे आभार.
जी ओढ्यावर भांडी घासत म्हणाली,
"बरं झालं, म्हणजे आता त्यांनाही कळलं," तिचे आभार.
जी दिवसभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करते
आणि तरी माझा गणवेश सगळ्यात कडक ठेवते, तिचे आभार.
ही माझी पानं. पुस्तकात जागा नव्हती, म्हणून पाठ केली.
आणि अगदी शेवटी, सही केल्याबद्दल,
राजकन्ये, तुझेही आभार.

पण तिने ती एका दमात म्हटलीच नाही. समुद्राच्या ओळीनंतर ती श्वास घ्यायला थांबली, आणि दारातून आवाज आला, "विवा!" आमचा पहारेकरी वाल्देमार! इतकी वर्षं त्याला "नमस्कार, चावी द्या" एवढंच बोलत आलेय, मला काय ठाऊक तोही असल्याच मेळ्याच्या गावचा. दुसऱ्या ओळीला त्याने दारावर थाप मारली, ढोलासारखी. तिसऱ्या ओळीला मागच्या आया. भांड्यांच्या ओळीला आधी हशा, मग "विवा!" एवढ्या जोराने की वरचे कागदी झेंडे हलले. इस्त्रीच्या ओळीला तिच्या आईने तोंडावर हात ठेवला, आणि शेजारच्या बाईने तिला घट्ट धरलं. तोवर गुडघ्यांवर बसलेली मुलं एकेक करून उठून उभी राहिली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तळाचं फूल, म्हणजे शेवटची ओळ, क्रिस्तियानेला मिळालं. काय बोलावं ते तिला सुचेना, म्हणून ती "आमेन" म्हणाली.

मग लिंडाउरा उलट्या पावलांनी निघाली, भिंतीपाशी उभ्या असलेल्या आयांकडे तोंड करून. मी फक्त तिला शिकवलं होतं, पण बाकीचीही तशीच निघाली, आणि आपणच मागे राहिलो असं बघून राजकन्याही! ती आपल्याच सिंहासनावर आदळली. सिंहासन पडलं. हॉल नुसता खदाखदा हसत होता, पण ते हसणं वाईट नव्हतं.

मला वाटलं, संपलं, आता आपली खैर नाही. तर दोना ओतिलिया येऊन माझा हात दाबतात, "प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे छान बसवलंस हं! रंगमंचाची शिस्त!" मी म्हटलं, "हो, शिस्तच."

आत्या, तू नसतीस तर मी त्या रविवारी त्या घरात जाऊन एका मुलीला गुडघे टेकायला शिकवलं असतं, आणि तिने माझं ऐकलंही असतं. याचे आभार मी कसे मानू? तू सांग.

नोकरीची काळजी करू नकोस. ते सगळं ठीक आहे.

तुझीच,
निल्झे


बेलो होरिझोन्ते
२२ जून

राणीआजी,

मला आशीर्वाद द्या. मी लिंडाउरा. बाईंनी सांगितलं की तुम्हाला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद मागायचा असतो.

मुकुटाबद्दल खूप खूप आभार. तो आमच्या कपाटावर आहे. आई त्याच्यावरची धूळ रोज पुसते, मला पुसू देत नाही.

एक गोष्ट बाईंनी सांगितली होती की तुम्हाला लिहू नकोस. पण तुम्ही राणी आहात, आणि राणीला सगळं कळलं पाहिजे असं मला वाटतं. क्रिस्तियानेचे वडील शाळेत आले होते. माझ्या मुलीचे आभार सगळ्यात शेवटी का मानले आणि तिला सगळ्यांसमोर पाडलं का, असं ओरडले. मग मुख्याध्यापिकाबाईंनी कविता परत मागवली आणि या वेळी मधल्या ओळीही वाचल्या. त्यांनी बाईंच्या नोकरीच्या कागदावर सही केली नाही. या महिन्यानंतर बाई आमच्या शाळेत नसणार.

मी खूप रडले. म्हटलं, बाई, माझ्यामुळे झालं. बाई म्हणाल्या, "गप गं, तुझ्यामुळे मला माझी आत्या परत मिळाली." मला ते नीट कळलं नाही. तुम्हाला कळेल म्हणून लिहिते.

आणखी दोन गोष्टी झाल्या. कोळशाच्या पोत्याचं बोलला होता ना, तो रेनान माझ्याकडे आला आणि म्हणाला की त्याच्या बाबांची आजी काळी होती, घरात तिचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, तर तिच्यासाठी एक ओळ करशील का. मी म्हटलं, आधी फोटो सरळ कर. त्याने केला. मग मी ओळ दिली.

आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे रंग "सावळी" लिहिला होता. मी बाईंना म्हटलं, काळी करा. बाईंनी स्वतःचा नोकरीचा कागद काढला, आधी स्वतःचा रंग बदलला, मग माझा. दोघींनी एकाच पेनने.

आई विचारते, ऑक्टोबरात यायला बस कुठून मिळते. तिला रोझरी मातेसमोर उभं राहायचंय. ती म्हणते, उभं.

तुमची,
लिंडाउरा


बारेइरिन्यो
२ जुलै

निल्झे पोरी,

देव तुझं भलं करो, आणि खोटं बोलल्याबद्दल तुझा कानही पिळो. "सगळं ठीक आहे" म्हणे! मला त्या पोरीने सगळं लिहिलंय. तिला रागावू नकोस. राणीपासून काही लपवायचं नसतं, हे तिला तुझ्यापेक्षा लवकर कळलं.

तर दोना ओतिलियांनी शेवटी मधल्या ओळी वाचल्या.

बरं झालं. म्हणजे आता त्यांनाही कळलं.

हे वाचून तू हसलीस ना? हसलीसच. मला इथून दिसतंय.

आता रडून घे थोडं. नोकरी गेल्याचं दुःख खरं असतं, मी तुला कोरडा शहाणपणा सांगणार नाही. मेळ्यातल्या बायकांनी चीज, मका आणि वड्या बांधल्यात, ड्रायव्हर शनिवारी आणतोय. झुल्मिरा म्हणाली, पैसे नकोत, पोरीने आमच्या टोपलीचं नाव राखलं. आणि गावच्या शाळेत पोर्तुगीज शिकवायला कोणी टिकत नाही, पाद्री परवा तुझं विचारत होते. पगार नावालाच आहे. मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तुझं तू ठरव, इथे जागा तुझी आहेच.

तेरा मेच्या पहाटे आम्ही फुलं वाहिली तेव्हा तुमचा कार्यक्रम व्हायचा होता. मी टोपलीपाशी उभी राहून तुझं नाव घेणार होते, जिभेच्या टोकावर आलं होतं. पण जिवंत माणसाचं नाव तिथे घेत नाहीत. जिवंतांचे आभार तोंडावर मानायचे असतात, आणि आम्ही ते मानत नाही, राहून जातं, मग भिंतीपाशी फूल घेऊन उभे राहतो. तुझ्या बापाचं तेच झालं माझ्याकडून. त्याने तुला शहरात शिकायला पाठवलं, आणि मी त्याच्याशी भांडले की पोरगी परकी होईल. नाही झाली.

म्हणून तुला आत्ताच सांगते. पोरी, तुझे उपकार आहेत आमच्यावर. तू ते पान उलटू दिलं नाहीस. टोपली तू शाळेत नेलीस, जिथे ती आजवर कोणी नेली नव्हती. माझ्या मावशीने हे बघितलं असतं तर तिने मुकुट काढून तुझ्या डोक्यावर ठेवला असता. मी ठेवणार नाही, मला अजून तो हवाय. पण ठेवावासा वाटला, हे लिहून ठेव.

ऑक्टोबरात सणाला या. तू, ती पोरगी आणि तिची आई. बस सकाळी बाजारापासून सुटते, ड्रायव्हरला माझं नाव सांगा, खिडकीजवळ बसवेल. मुकुट डब्यात आणू नका, पोरीच्या डोक्यावर घालून आणा. बसमधली माणसं बघतील, बघू देत. तिच्या आईला सांग, आमच्या देवळात ढोल वाजायला लागले की सगळे उभेच असतात.

आणि परत जाताना मी तुम्हाला बसपर्यंत सोडायला येईन. बस वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहीन आणि तिथून घरापर्यंत, देवळाच्या चढावरून, उलट्या पावलांनी येईन, रस्त्याकडे तोंड करून. आजवर रोझरी मातेखेरीज कोणासाठी तशी चालले नाही. गुडघा दुखेल, लोकही हसतील. पण तुम्हाला पाठ दाखवून मी घरी यायची नाही.

तुझी,
आत्या